छोट्या हत्तीची येळवस

टाटांनी 2005 साली 'एस' ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली, तेव्हा कागदावर तिची ताकद पाऊण टनाची होती. गावानं तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं केलं, आणि हत्ती म्हटल्यावर पाऊण टनाचं कोण ऐकतो! मुरुडहून लातूरच्या अडतीला सोयाबीन निघालं की साठ किलोच्या बारा पोत्यांतच हिशेब संपतो. तेरावं 'बसतंय की' म्हणून चढतं, पंधरावं दाबून बसवतात, वर मालक स्वतः. (मालकाचं वजन कुणी धरत नाही.) टंचाईत तर हजार लिटरची टाकी. 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी आणायला आख्खी रेल्वे लागली. आमच्याकडं तेच काम हत्तीवर भागवतात.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, हाच हत्ती घरची माणसं, पाव्हणे, भज्जीची पातेली अन् आंबिलीचा माठ घेऊन शेतात जातो. पूर्वी बैलगाडी जायची. रुतली तर बैलच ओढून काढायचे. आता भिजवलेल्या काळ्या रानात हत्ती रुतला की शेजाऱ्याकडं बैल मागायला पळायचं. शेजारी ओशाळून हसतो. त्यानं बैल विकूनच डाउन पेमेंट भरलेलं असतं.