दुकान काढण्यापूर्वी दुकान विसरा

मुंबईत वडापाव-फरसाणाचं दुकान काढू पाहणाऱ्या होतकरू माणसाला आमची पहिली सूचना अशी, की आपण दुकान काढतो आहोत ही समजूत आधी सोडून द्या. महापालिकेच्या लेखी दुकान नावाची वस्तूच नसते. तिथे पाटी असते, ती एका खात्याकडे. कामगार असतात, ते दुसऱ्या खात्याकडे. कढई आरोग्याकडे, सिलिंडर अग्निशमन दलाकडे, पायरी अतिक्रमणवाल्यांकडे. समोरचं झाड उद्यान खात्याचं, त्याला खिळासुद्धा ठोकायचा नाही. हे सगळे एकाच शटरमागे नांदतात हे ठाऊक असलेला माणूस अख्ख्या वॉर्डात एकच, तो म्हणजे तुम्ही. आणि हे तुम्हाला कळवताही येत नाही, कारण अर्जात तसा रकाना नाही.

सुरुवात गुमास्त्यापासून, म्हणजे दुकानाच्या नोंदणीच्या दाखल्यापासून करावी. 1948 चा जुना कायदा गेला आणि 19 डिसेंबर 2017 पासून दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं, अशी सोय त्यात केली गेली. (कामगारांची ही मर्यादा सरकार अधूनमधून सरकवतं, अर्ज भरायच्या दिवशी जी असेल ती खरी.) आता ही सोय घेऊन बँकेत चालू खातं उघडायला जा. काचेपलीकडचा माणूस विचारतो, "गुमास्ता?" तुम्ही म्हणता, "मला लागत नाही, कायदा बदललाय." तो मान वर न करता म्हणतो, "आम्हाला लागतो." इथे वाद घालू नये. सूचनेची पावती रंगीत छापून, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, शक्यतो दोन हातांनी पुढे करावी.

मग येतं कलम 394. मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 चा. त्याच्या परिशिष्टात कोळसा, कापूर, वाळलेलं गवत, सेल्युलॉइड असल्या जिनसांची यादी आहे, आणि त्याच कलमाच्या छत्राखाली तुमचं खाद्यगृहही येतं. पेट घेणारा, वास सोडणारा किंवा शेजाऱ्याला त्रास देणारा कुठलाही धंदा परवान्याशिवाय करायचा नाही, हे त्याचं सार. वडापाव या तिन्ही कसोट्यांना उतरतो. निरीक्षक येतील तेव्हा चटणीची चव दाखवण्याची घाई करू नका. त्यांना फरशीच्या टाइल्स, मोरीचा उतार, धुराड्याचं तोंड आणि पिंपावरचं झाकण पाहायचं असतं. वड्यात काय आहे हे पाहणारे वेगळे. ते राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, आणि त्यांची नोंदणी 2006 च्या केंद्रीय कायद्याखाली. एक जण वडा पाहतो, दुसरा वडा जिथे तळला जातो ती जागा पाहतो. दोघे एकाच दिवशी आले तर एकमेकांशी ओळख करून देऊ नये, पेच वाढतो. पावाची भट्टी तुमची नाही म्हणून निर्धास्त राहू नका. उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली, आणि तो खर्च पुढे पावाच्या लादीतूनच वसूल होणार.

आता ज्याची सगळे वाट पाहत असतात तो प्रश्न: फी किती? हा प्रश्न विचारणारा माणूस खिडकीवर लगेच ओळखू येतो, नवखा. धंद्याचा प्रकार आणि क्षेत्रफळ सांगितलं की दरपत्रकातून आकडा निघतो, चलन निघतं, पैसे भरले जातात. सगळ्या व्यवहारातला हा सर्वांत स्वस्त आणि सरळ भाग. जिज्ञासूंसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने कर आणि फी यांतला भेद सांगितला: कर मोबदल्याविना, फी मात्र काहीतरी सेवेबद्दल. पुढच्या निकालांनी ही अट सैल केली. नियंत्रणासाठी घेतलेल्या परवाना फीला सेवेचा तितका काटेकोर हिशेब दाखवावा लागत नाही. सोप्या मराठीत, तुमच्यावर लक्ष ठेवायचा खर्च तुम्हीच द्यायचा. कंसातली गोष्ट म्हणून लक्षात ठेवा, की वर्षाचा 2500 रुपये व्यवसाय कर महापालिकेचा नव्हे, राज्य सरकारचा. तो भरल्याची पावती वॉर्ड ऑफिसात दाखवली तर कौतुकाने परत देतात.

फीच्या पावतीने काय मिळत नाही, ते जास्त महत्त्वाचं. परवान्यावर बहुधा बारीक अक्षरात एक ओळ असते, की या परवान्यामुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही. म्हणजे तुमचा वडा कायदेशीर, पण ज्या पोटमाळ्यावर बटाटे ठेवलेत तो नाही. परवाना खात्याने पोटमाळा पाहिलेला नसतो, इमारत खात्याने बटाटे पाहिलेले नसतात.

पाटीसाठी एक आख्खा दिवस राखून ठेवा. 2022 च्या दुरुस्तीपासून कामगार कितीही असोत, नाव मराठीत, देवनागरीत हवं, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपताच मुंबईत पथकं निघाली, आणि दंडाचा हिशेब ठरला प्रति कामगार 2000 रुपये. मराठीचं प्रेम डोकी मोजून वसूल करण्याची ही पद्धत आम्हाला मनापासून आवडली. चार पोरं ठेवणाऱ्याचा गुन्हा चारपट! 'यम्मी टमी स्नॅक्स हब' असं ठसठशीत देवनागरीत लिहिलंत की भाषेच्या बाजूने तुम्ही सुरक्षित. पण पाटीत दिवे घातलेत तर ती पाटी राहत नाही, जाहिरात होते, आणि कलम 328 व 328-अ ची माणसं वेगळी. अक्षरांची लिपी एका टेबलावर, अक्षरांचा उजेड दुसऱ्या.

इथे थोडं थांबून एक गंभीर गोष्ट. 13 मे 2024 ला घाटकोपरला फलक कोसळला आणि 17 माणसं गेली. कमाल मर्यादा 40 बाय 40 फुटांची. हा होता 120 बाय 120. जागा रेल्वे पोलिसांची, शहर महापालिकेचं, आणि परवानगी कुणी द्यायची यावर नंतर पत्रं निघाली. तुमची दीड फूट पुढे आलेली ताडपत्री मात्र कुठल्याही पत्रव्यवहाराविना दिसते, कारण ती थेट अतिक्रमणाच्या कलम 314 मध्ये बसते. त्या कलमाला नोटीस लागत नाही. कोपऱ्यावरून "गाडी आली रे!" अशी आरोळी आली की स्टूल, बाकडी, मिरच्यांची परात आणि उभ्याने खाणारं गिऱ्हाईक, या क्रमाने आत घ्यावं. गिऱ्हाईक शेवटी, कारण ते महापालिकेच्या गोदामातून सोडवून आणावं लागत नाही.

किरकोळ बाबी भराभर उरकू. फरसाण तोलून विकणार असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वैधमापनचा शिक्का हवा. आगीच्या यंत्रणेचा 'ब' नमुन्यातला दाखला परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत. पातळ पिशवी सापडली तर 2018 च्या प्लॅस्टिकबंदीखाली पहिल्यांदा 5000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि वर तीन महिने कैद. या दराने पिशवीपेक्षा डबा परवडतो. 2006 च्या स्वच्छता उपविधींचं कोष्टक तर गल्ल्याजवळच चिकटवा: रस्त्यावर थुंकलात तर 200 रुपये, आंघोळ केलीत तर 100, कबुतरांना खायला घातलंत तर 500. उरलेली शेव फेकताना हा शेवटचा आकडा आठवावा. आंघोळ निम्म्या किमतीत का, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला.

चहापाण्याविषयी विचारणारे फार असतात. कुठल्याही दरपत्रकात त्याचा रकाना नाही. 2018 पासून देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा 1064 हा क्रमांक फुकट लागतो. "साहेब राउंडला गेलेत" याचा अर्थ मात्र साहेब खरोखरच राउंडला गेलेत असाही असू शकतो; बाकावर जागा धरून बसावं, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. पुढचा माणूस कधीही बदलून जाईल, आवक क्रमांक जात नाही.

सगळे कागद हाती आले की ते चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावायचे. भिंतीवर आधी गणपती, मग वडिलांचा फोटो, मग हे सगळे. वड्याच्या दरपत्रकाला जागा उरणार नाही, ते फ्रीजवर लावा. खिळे ठोकण्यापूर्वी मात्र घरमालकाला विचारा. गाळा पागडीचा असेल तर भिंत त्याची आहे, आणि त्याची परवानगी ऑनलाइन मिळत नाही.