त्याने माझं पाणी जोखलं

दारावर येणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाईक ओळखायला फार वेळ लागत नाही. दाराला साखळी लावून फटीतून बोलणारा त्याच्या कामाचा नसतो. 'नको' म्हणून दार लावून घेणाराही नसतो. 'नको, कारण आमच्याकडे आहे' असं कारणासकट सांगणाऱ्याकडे पुढच्या महिन्यात पुन्हा यायला हरकत नसते. आणि दार सताड उघडून 'या ना, उन्हातून आलात, पाणी घेता का?' असं विचारणारा मी असतो.

वॉटर प्युरिफायर विकायला आलेल्या माणसाला आपण होऊन पाणी विचारणारा इसम त्याला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच भेटला असावा. तो आत आला, सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, "काका, पाणी कुठलं देताय?"

"नळाचं."

त्याने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला उगाचच तब्येत बरी नसल्यासारखं वाटू लागलं.

इथे सांगायला हवं की मी पुण्यात राहतो आणि आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं. पुण्याच्या पाण्याबद्दल अभिमान बाळगणं हे इथलं नागरी कर्तव्य आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही नावं आम्ही पाहुण्यांना अष्टविनायकांच्या थाटात ऐकवतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तर १९६१ साली पानशेत फुटलं ती हकीकत अजून काल घडल्यासारखी सांगतात आणि शेवटी 'पण पाणी मात्र गोड हो' असं जोडतात. अशा शहरात राहून नळाच्या पाण्याची लाज वाटायला लावणं सोपं नाही. त्या मुलाला ते चहा येईपर्यंत जमलं.

त्याने बॅगेतून पेनासारखं एक यंत्र काढलं, आमच्या ग्लासात बुडवलं आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. आकडा होता ८०.

"ऐंशी टीडीएस, काका."

टीडीएस म्हणजे पगारातून कापला जातो तो, एवढंच मला ठाऊक होतं. पाण्यातूनही कापतात हे नवीन होतं. पण विचारायचं कसं? आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळू नये, ही माझी आयुष्यभराची सर्वांत महागडी सवय आहे. मी भुवया वर केल्या आणि "ऐंशी? एवढा?" म्हणालो. शाळेत मला कुठल्याच विषयात ऐंशी मिळाले नव्हते, त्यामुळे हा आकडा मला मुळातच मोठा वाटतो.

मग त्याने दुसरी वस्तू काढली. एका चपट्या डबीला खाली चार कांड्या, वर वायर. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं 'शुद्ध' पाणी. दोन कांड्या इकडे, दोन तिकडे, आणि वायर टीव्हीच्या शेजारच्या प्लगमध्ये. त्याने बटण दाबलं. आमच्या ग्लासात आधी बुडबुडे आले. मग पाणी पिवळसर झालं, मग तपकिरी, आणि बघता बघता त्यावर हिरवट काळा फेस तरंगू लागला. शेजारचा ग्लास जसाच्या तसा, स्वच्छ.

सौ. चहा घेऊन बाहेर आली आणि ट्रे हातात धरून तिथेच थांबली. "अहो, हे आपण पितो?"

"मी काहीच म्हणत नाही काकू," तो नम्रपणे म्हणाला. "तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

जो विक्रेता काहीच म्हणत नाही, त्याच्यापासून सावध राहावं. १८ हजारांचं मशीन 'फक्त आजच्या दिवस' १५ हजारांत मिळत होतं. मी घासाघीस करून त्यावर एक गाळणी फुकट मिळवली आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो.

आरओचं मशीन बसलं. त्याला तीन नळ्या होत्या. एकीतून पाणी आत जायचं, दुसरीतून टाकीत पडायचं आणि तिसरी बेसिनमध्ये सोडलेली होती. ही तिसरी नळी सतत वाहत असे. मला वाटलं, गळतंय. फोन केला तर कळलं की ते गळत नाही, ते तसंच असतं. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देतो. जे पाणी आपण पैसे मोजून, पंप लावून चौथ्या मजल्यावर चढवलं, ते आता विजेवर चालणारं यंत्र बेसिनमधून खाली सोडत होतं.

पाणी वाया जाताना बघणं आमच्या पिढीला जमत नाही. सौ.ने नळीखाली बादली ठेवली. बादली भरली की ती वापरायलाच हवी. मग फरशी पुसा, गॅलरी धुवा, स्कूटर धुवा. स्कूटर इतक्या वेळा धुतली गेली की सोसायटीत कुणीतरी 'विकायची आहे का?' असं विचारून गेलं. रात्री झोपण्यापूर्वी बादली रिकामी केली की नाही यावरून आमच्यात बोलाचाली होऊ लागली. आम्ही मशीन पिण्याच्या पाण्यासाठी घेतलं होतं, पण घर चाललं होतं त्या बादलीच्या वेळापत्रकावर.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नवी वस्तू घेतली की ती किती गरजेची होती हे लोकांना पटवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तसलाच कांड्यांचा टेस्टर ऑनलाइन मागवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रयोग दाखवू लागलो. "बघा, हे तुम्ही घरी पिता ते पाणी, आणि हे आमचं." दोन नातेवाइकांनी माझ्यामुळे मशीन घेतलं. कंपनीने मला कमिशन द्यायला हरकत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली. अकरावी सायन्स. तिच्यासमोर मी विशेष रंगात आलो. तिने सगळा प्रयोग शांतपणे पाहिला, टेस्टर बंद करून प्लग काढला आणि कांड्या उचलून नखाने खरवडल्या.

"मामा, यातली एक लोखंडाची आहे. दुसरी ॲल्युमिनियमची असेल."

"असेल. मग?"

"मीठ आहे का?"

तिने चिमूटभर मीठ घेतलं, आमच्या मशीनच्या शुद्ध पाण्यात टाकलं, चमच्याने ढवळलं, कांड्या बुडवल्या, प्लग पुन्हा लावला आणि बटण दाबलं. १५ हजारांचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर तपकिरी झालं. वर फेस आला तो तर खास दाट.

मग तिने मला समजावलं, तेही 'मामा, हे दहावीला असतं' अशी प्रस्तावना करून. पाण्यात थोडेफार क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि पाण्यात दिसतो तो त्या कांडीचा गंज. पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच उरतात, म्हणून वीज जेमतेम वाहते, म्हणून कांडी झिजत नाही, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. म्हणजे इतके दिवस मी पाहुण्यांना लोखंड गंजतं हे सिद्ध करून दाखवत होतो.

"आणि तो ऐंशीचा आकडा?" मी शेवटची काडी पकडली.

तिने फोनवर काढून दाखवलं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, त्यात बहुतेक कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह मानला आहे. आमचा ८०. ज्या आकड्याला मी घाबरलो, ते पाण्याचं गुणपत्रक होतं आणि त्यात पाणी उत्तम श्रेणीत पास झालं होतं. पुढे वाचल्यावर कळलं की राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओला मनाई करावी असे निर्देश सरकारला दिले होते. नंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमच्या दिवाणखान्यात मात्र निकाल लागला होता.

आरओ वाईट असं मुळीच नाही. ज्यांच्या बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी हजारापुढे जातं, ज्यांच्या नळावर आणि गीझरमध्ये पांढरा थर चढतो, त्यांना तो हवाच. आणि टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक असंही नाही. ते पेन जंतू मोजत नाही, कारण ते फक्त वीज किती वाहते ते बघतं. जंतूंसाठी पाणी उकळणं किंवा साधा यूव्हीचा फिल्टर पुरतो. हे सगळं मी आता इतक्या अधिकाराने सांगतो की भाची घरात असली की ती खोलीतून उठून जाते.

वॉरंटी संपली त्याच आठवड्यात मशीन टिकटिकू लागलं. या यंत्रांना कॅलेंडर कळतं, पण दुरुस्ती कळत नाही. वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य ऐकत पोळ्या झाल्या, भात झाला, मी जेवलोसुद्धा. शेवटी कंटाळून इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर' शोधलं आणि पहिला दिसला तो नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं. पलीकडचा गृहस्थ इतका गोड बोलला की मी गहिवरलो. फक्त १० रुपये नोंदणी फी, त्यासाठी एक छोटंसं ॲप घ्यायचं आणि त्याला माझी स्क्रीन दिसू द्यायची. मी ॲप घेतच होतो, एवढ्यात सौ.ने हातातून फोन काढून घेतला. "दहा रुपयांसाठी कोण एवढं गोड बोलतं?" ती म्हणाली. अर्थशास्त्रावरचं एवढं नेमकं विधान मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. असे भामटे खोटे नंबर इंटरनेटवर पेरून ठेवतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं असतं, हेही मला तिनेच सांगितलं.

यथावकाश खरा माणूस आला. मी भीडेखातर वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घेऊन ठेवलेली होती. त्याने झाकण उघडलं आणि मान हलवली. घरातलं काहीही उघडून मान हलवणाऱ्या माणसासमोर मी नेहमीच कोलमडतो.

"मेंब्रेन गेलंय, काका."

"एएमसीत येतं ना?"

"एएमसीत फिल्टर येतो. मेंब्रेन वेगळं."

"आणि पंप?"

"पंपही वेगळा."

थोडक्यात, जे बिघडत नाही ते सगळं एएमसीत होतं. त्याने खटपट केली, पक्कड परत बॅगेत टाकली आणि म्हणाला, "काका, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. पार्ट घेऊन उद्या येतो." मी सांगितला. नाही कसं म्हणणार? बिचारा चार मजले चढून आला होता. तो जिन्यात पोचतो न पोचतो तोच मेसेज आला : 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निवारण झाली आहे.' त्याच वेळी मशीनखालून पाण्याचा ओघळ निघून फ्रीजपर्यंत पोचला होता. पाठोपाठ त्याचाच फोन. "काका, पाच स्टार द्या हां. तीन दिले तर आमचे पैसे कापतात." एका हातात फरशी पुसायचं फडकं आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मी पाच तारे दिले. तो 'उद्या' आला नाही. येणार कसा? कंपनीच्या लेखी माझी तक्रारच उरली नव्हती. त्याच्यावर राग धरायलाही जमेना. दिवसाला इतक्या तक्रारी 'क्लोज' करायच्या हे त्याच्या डोक्यावर, आणि त्या खरोखर मिटल्या का हे कुणाच्याच डोक्यावर नाही.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला खडसावलं. "अरे, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली ती याच पुण्यात. आणि तू इथे राहून पाच तारे देतोस?" त्यांनी समोर बसून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवायला लावला. मराठीत बोलता आलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला. बिल, एएमसीची पावती आणि तो 'समाधानकारक' मेसेज जोडला. मग थोड्याच दिवसांत कंपनीतून फोन आला आणि पहिल्यांदाच मला कुणीतरी 'काका'ऐवजी 'सर' म्हणालं. मेंब्रेन बदलून मिळालं. नसतं मिळालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही आणि वकीलही लागत नाही. काकांना मी वाईट दिसू नये म्हणून का होईना, हे सगळं वाचून काढलं.

एवढ्या उपद्व्यापातून माझं मत बनलं ते असं : आपल्याला यंत्र फसवत नाही, आपली भीड फसवते. 'म्हणजे काय?' असं विचारायला मी लाजलो तिथे १५ हजार गेले, 'लेखी द्या' म्हणायला लाजलो तिथे मेंब्रेन गेलं आणि 'आधी काम करा' म्हणायला लाजलो तिथे तक्रार गेली. तेव्हा घरात काही घेण्याआधी मोजमापाचा आकडा कशाचा आणि चांगला किती, हे विक्रेत्याव्यतिरिक्त कुणाला तरी विचारा. शेजारी अकरावीतलं पोर असेल तर उत्तम. एएमसीत काय येतं हे न विचारता काय येत नाही ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा कार्डावरूनच घ्या. आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला पाणी द्या, चहा द्या, हवं तर जेवायलाही थांबवा. ओटीपी मात्र काम झाल्यावरच द्या.