रात्री तीनचा मिक्सर

"शालूताई, काल रात्री तीन वाजता मिक्सर कोण लावत होतं हो?"

"अजून कळलं नाही तुम्हाला? समोरचे आप्पा! लेकाकडून आलेत ना न्यू जर्सीहून. चटणी वाटत होते म्हणे."

"रात्री तीनला चटणी?"

"त्यांच्या पोटाला कुठे ठाऊक तीन वाजलेत ते! उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. आपल्या रात्रीच्या तीनला तिकडे संध्याकाळचे साडेपाच. आप्पांचं पोट भेळीच्या वेळेला जागं झालं. आणि दुपारी एकला जाऊन बघा, सोफ्यावर आडवे, घोरतायत. तिकडे पहाटेचे साडेतीन!"

प्रमिलावहिनी हसल्या, पण अर्धवटच. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः न्यू जर्सीतच, एडिसनला निघाल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू वळून झाले होते, बॅगेचं वजन दोनदा करून झालं होतं.

"तिथे जाऊन मीच पेंगत बसले तर लेकीचं कोण करणार? या कुंदाने तर उपायांची यादीच लिहून दिलीय."

"माझं नाव घेतलंत?" भाजीची पिशवी घेऊन निघालेली कुंदा कंपाउंडच्या भिंतीशी थांबलीच. "वाचा ना यादी, ताईंनाही कळू दे. निजताना दुधात जायफळ. तळपायाला तूप लावून काशाची वाटी. अश्वगंधा. पोहोचल्यावर हिरवळीवर अनवाणी चालायचं. माझी मावसबहीण एवढंच करते, तिला काही म्हणजे काही होत नाही."

"तुझ्या मावसबहिणीला कशानेच काही होत नाही, कुंदा. ती वेगळी गोष्ट."

"चेष्टा नका करू हं, ताई."

"चेष्टा नाही गं. वाटी तर मी स्वतः बॅगेत घालायला सांगीन. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या लोकांनी तपासून पाहिलंय, 1999 साली छापून आलं. हातपाय उबदार असले की माणसाला झोप पटकन लागते. आपल्याकडच्या आज्या विनाकारण तळपाय चोळत नव्हत्या. वाटी हरवली तर पायमोजे घाला, तेही चालतं. जायफळ मात्र चिमूटभरच. झोप येत नाही म्हणून अख्खं किसून घातलंत तर मळमळ, भोवळ, छातीत धडधड."

"मग माझी यादी बरोबरच की!"

"अर्धी बरोबर. तुझे सगळे उपाय झोप आणायचे आहेत. वहिनींना झोप येईलच, भरपूर येईल, फक्त भलत्या वेळी. घड्याळच सरकलं पाहिजे ना? ते दुधाने सरकत नाही."

शालूताईंनी शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेलं. खडू हातात नसला तरी बोट हवेत उठायचंच.

"दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात ना, त्याच्या बरोब्बर वर पेशींचा एवढासा पुंजका असतो. मुख्य घड्याळ ते. डोळ्यांतून उजेड आत गेला की ते रोजच्या रोज लावलं जातं. पेशीच्या आत ते कसं चालतं, हे तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी कशावर शोधलं सांगा? केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर! 2017चं नोबेल मिळालं त्याला."

"चिलटांवर नोबेल? माझ्या ओट्यावर या म्हणावं," कुंदा म्हणाली.

"आणि हे घड्याळ थोडं रेंगाळतं बरं का. बहुतेकांचं 24 तासांपेक्षा जरासं मोठंच, हार्वर्डवाल्यांनी मोजलं तेव्हा सरासरी 24 तास 11 मिनिटं भरलं. म्हणून उशिरा झोपणं सोपं, लवकर झोपणं कठीण. तुम्ही पश्चिमेला चाललात, वहिनी, म्हणजे दिवस लांबवायचा. ते त्यातल्या त्यात सुखाचं. आप्पा उलटे आले, पूर्वेला. त्यांना दर तासाच्या फरकाला साधारण एक दिवस धरा."

"म्हणजे अजून आठवडाभर मिक्सर!"

"तो आप्पा स्वतःच लांबवतायत. सकाळी सातला टेकडीवर जातात ना? कोणीतरी सांगितलंय, आल्याबरोबर सकाळचं कोवळं ऊन घ्या. तिथेच गाडी अडते. पहाटे चारच्या आसपास आपलं अंग सगळ्यात गार असतं. त्याच्या आधीच्या तासांत उजेड मिळाला तर घड्याळ मागे जातं, नंतरच्या तासांत मिळाला तर पुढे. आप्पांच्या अंगाची पहाट सध्या आपल्या दुपारी दीडला होते. त्यांना घड्याळ पुढे आणायचंय आणि उजेड घेतायत दीडच्या आधी! त्यांनी सकाळी काळा चष्मा लावावा, घरात बसावं आणि अडीच-तीननंतर टेकडीवर जावं. मग रोज वेळ थोडी थोडी अलीकडे आणायची."

"दुपारी तीनला? पुण्याच्या उन्हात?"

"टोपी घालायची. नाहीतर गच्चीत सावलीला बसायचं, बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो."

"आणि मी?" प्रमिलावहिनी भिंतीला टेकल्या.

"तुमच्या अंगाची पहाट तिथे संध्याकाळी साडेसहाला. तुम्हाला घड्याळ मागे न्यायचंय, म्हणजे त्याच्या आधीचा उजेड हवा. पुन्हा दुपारच! दोनपासून सहापर्यंत बाहेर राहा. त्याच वेळेला डोळे मिटायला लागतील, कारण इथे मध्यरात्र उलटलेली असते. तेव्हा खुर्चीत टेकू नका. सातनंतर पडदे ओढा, तिकडे उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड रेंगाळतो. जाताना दुपार आणि येतानाही दुपार. न्यू जर्सीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं, तिथे पुरा दिवसरात्रीचा उलटफेर."

"म्हणजे हिरवळीवर चालणं बरोबर!" कुंदा उसळली.

"दुपारी चाललं तर बरोबर. गुण उन्हाचा, नाव हिरवळीचं."

"आणि त्या साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या? न्यूझीलंडहून येतात म्हणे, होमिओपॅथीच्या."

"गोड लागतात. त्यापलीकडे पुरावा म्हणावा असं माझ्या वाचनात काही नाही. त्यापेक्षा मेलाटोनिनचं बोल. अंधार पडला की मेंदूतली ग्रंथी तेच सोडते. 2002 साली सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर पाच किंवा जास्त कालपट्टे ओलांडणाऱ्यांना त्याचा खरंच उपयोग दिसला. तिथल्या झोपेच्या वेळी अर्धा ते पाच मिलिग्रॅम. भलत्या वेळी घेतलं तर घड्याळ उलटंच अडकतं."

"लेक म्हणाली, तिथे दुकानात फळीवरच मिळतं, चिठ्ठी लागत नाही."

"तेच तर. ब्रिटनमध्ये डॉक्टरची चिठ्ठी लागते, अमेरिकेत जीवनसत्त्वांशेजारी ठेवलेलं असतं. कॅनडात बाटल्या तपासल्या 2017 साली, तर एकीत लेबलावरच्यापेक्षा 83 टक्के कमी, दुसरीत 478 टक्के जास्त. आणि तुमच्या नानांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फिट येणाऱ्यांनीही नाही."

"मी कुठे चाललोय?" व्हरांड्यातून नानांचा आवाज आला. पेपर खाली आला नव्हता, पण पान बराच वेळ उलटलंही नव्हतं.

शालूताईंनी आवाज खाली आणला. "अर्जेंटिनात तर हॅमस्टरना व्हायग्रा देऊन पाहिली. उंदरासारखे असतात ना, ते. बदललेल्या वेळेला लवकर सरावले म्हणे. 2007 साली चेष्टेचं नोबेल मिळालं त्यांना."

"अगं बाई!"

"पण घड्याळ पुढे न्यायचं असेल तेव्हाच उपयोग. तुम्ही पश्चिमेला चाललात, तेव्हा प्रश्नच मिटला."

पेपर खाली आला. तिघींनी एकदम कोथिंबिरीच्या भावाचा विषय काढला.

"बरं, उपासाचं काय?" कुंदाने जरा वेळाने विचारलं. "आदल्या दिवशी पोट रिकामं ठेवायचं म्हणतात."

"शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत एरेट नावाचे एक गृहस्थ होते, त्यांचा तो आहार. एक दिवस भरपेट, एक दिवस अगदी हलकं, आणि पोहोचायच्या दिवशी तिथल्या वेळेला दणदणीत न्याहारी. त्यात तथ्य आहे. यकृताला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते जेवणाच्या वेळांकडे बघतं. पण आपण उपासाला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याचे लाडू खाणार! त्याला एरेट उपास म्हणायचे नाहीत. तुम्ही एवढंच करा, वहिनी, विमानात समोर आलं म्हणून प्रत्येक ताट रिकामं करू नका. तिथे उतरल्यावर जेवण तिथल्या वेळेला. रात्री दोनला भूक लागली तर थोडंसं दूध."

"आणि चहा?"

"दुपारी बारापर्यंत हवा तेवढा. नंतर नाही. विमानात मात्र पाणी सारखं घोटघोट, तिथली हवा फार कोरडी. आल्याच्या वड्या ठेवा, मळमळेल तर उपयोगी. पोट साफ व्हायला इसबगोल न्या, पोटही चार दिवस रुसतं."

"एवढं करून रात्री जाग आलीच तर?"

"येणारच. रात्री दोनला तुम्ही टक्क जाग्या, इथे साडेअकराला असता तशा. आणि त्या घरात अजून एक जण टक्क जागं असेल. नवजात बाळाला पहिले दोन-तीन महिने दिवसरात्र कळतच नाही, त्याचं घड्याळ अजून लागलेलं नसतं. तेव्हा दिवा अगदी मंद ठेवायचा, मोबाइल लांब ठेवायचा, आणि पाजून झालं की बाळ मांडीवर घ्यायचं. लेकीला सलग झोप मिळेल, तीच तिला सगळ्यात जास्त हवी असणार."

प्रमिलावहिनींनी हिशेब केला. "म्हणजे पहिला आठवडा रात्रपाळी माझी?"

"तुमचीच. आणि जावयांना सांगून ठेवा, दुपारी दोनला सासूबाईंना घराबाहेर काढायचं. बाबागाडीसकट."