टाइप थ्रीतला ब्राझील

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची वसाहत आयुध निर्माणीमुळे वसली. निर्माणीत तयार होतो तो दारूगोळ्याचा माल, त्यामुळे आठ तास माणूस जे करतो त्याबद्दल त्याला घरी फारसं बोलता येत नाही. बँकेतला माणूस ग्राहकांच्या तऱ्हा सांगू शकतो, मास्तर पोरांच्या पेपरातले विनोद सांगू शकतो. इथल्या माणसाने संध्याकाळी फाटकाशी उभं राहून सांगायचं काय? वसाहतीतल्या टाइप थ्री क्वार्टरांच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत जो एक ‘दुर्मीळ झाडवाला’ सापडतो, त्याचं मूळ या अडचणीत असावं. बाकीच्यांच्या अंगणात जास्वंद, तुळस, कढीलिंब आणि पपई. याच्या अंगणात मात्र वसाहतीत दुसरीकडे कुठेच नाही असं काहीतरी, आणि त्यावर पाटी. लोक त्याला बागेचा शौकीन म्हणतात, पण ते चूक आहे. त्याला बागेशी फारसं कर्तव्य नाही. जवाहरनगर आणि ब्राझील यांच्यामधलं जे अंतर आहे, ते त्याने कुंडीत लावलं आहे आणि त्यालाच तो रोज पाणी घालतो.

सध्या त्याच्याकडे आहे ते झुडूप म्हणजे ब्राझीलचं ब्रुनफेल्सिया. इंग्रजीत या झाडाला काल-आज-उद्या अशा अर्थाचं नाव आहे, कारण फूल उमलतं जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकट होतं आणि तिसऱ्या दिवशी पांढरं पडतं. एकाच फांदीवर तिन्ही दिवस एकदम दिसतात. दिसतात सुंदरच, त्यात वाद नाही. पण गृहस्थ फुलाबद्दल एक वाक्य बोलतो आणि नावाबद्दल दहा. ओटो ब्रुनफेल्स नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता, तो १५३४ साली वारला, त्याच्या नावावरून हे नाव पडलं, हे ऐकल्याशिवाय पाहुण्याच्या हातात चहा येत नाही. “हात नका लावू जी, हे लोकल नाही,” हे वाक्य कंपाउंडपाशीच ऐकू येतं. जे तो सांगत नाही ते असं की हे झाड वांग्या-बटाट्याच्या कुळातलं आहे. भरताच्या वांग्याचा भाऊबंद म्हटलं की ओटो ब्रुनफेल्सची सगळी पुण्याई धुऊन जाते. झाड विषारी आहे, कुत्र्याने खाल्लं तर जिवावर बेतू शकतं, हे मात्र तो आवर्जून सांगतो. विषाने झाडाचा मान वाढतो, वांग्याने कमी होतो.

आता हे प्रेम झाडावर आहे की अंतरावर, याचा पुरावा शोधायला कुंपणाबाहेर जावं लागत नाही. कुंपणच बोगनवेलीचं असतं. बोगनवेलही ब्राझीलचीच. अठराव्या शतकात बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत ती युरोपियनांच्या नोंदीत आली आणि त्याचंच नाव तिला चिकटलं. म्हणजे गाव तेच, खानदान कागदोपत्री तितकंच उंच, रंगाला तर ती ब्रुनफेल्सियापेक्षा भडक. तरी तिच्यावर पाटी नाही. तिचा गुन्हा एवढाच की काडी खोचली की ती लागते, आणि त्यामुळे ती थेट महामार्गाच्या दुभाजकावर जाऊन पोचली. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, पण सदाफुली नालीच्या भेगेत उगवते म्हणून तिला परदेशी म्हणायलाही कोणी धजत नाही. याहून मोठा पुरावा पूर्व विदर्भाच्या जंगलात आहे. तिथे डिकेमालीचं झुडूप असतं. गार्डेनियाच्या जातीचं, म्हणजे आपल्या अनंताचा रानातला चुलतभाऊ. त्याचं फूलही पांढरं उमलतं आणि मग पिवळं पडतं, वर घमघमतं ते वेगळंच. रंग बदलण्याची जी करामत पाहायला हा गृहस्थ शेजाऱ्यांना बोलावतो, तीच करामत त्याच्याच मुलखात फुकट चालू असते. पण डिकेमालीचा डिंक बाळाचे दात येताना हिरड्यांना लावायला किराणा दुकानात पुडीत मिळतो. आजीच्या बटव्यातली वस्तू दुर्मीळ कशी म्हणायची?

यावर कोणी म्हणेल, निदान त्याच्या मेहनतीची तरी कदर करा. ती करायलाच हवी. भंडाऱ्याचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो, नवतप्याचे नऊ दिवस तर माणसाचीच पानं करपतात. अर्धी सावली, ओलसर हवा आणि किंचित आंबट माती मागणारं झाड अशा हवेत जगवणं ही गंमत नाही. हा गृहस्थ हिरवी जाळी बांधतो, बोअरचं पाणी जड म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडलं हे डॉक्टरच्या थाटात ओळखतो. कूलरच्या ताट्या बदलल्या की पहिला गारवा कोणाला, हा प्रश्न त्या घरात विचारावा लागत नाही. कूलरचं तोंड खिडकीकडून व्हरांड्याकडे वळतं, आणि घरातली माणसं ओला पंचा गळ्याशी धरून पंख्याखाली बसतात. कसब खरंच आहे. पण याच कसबाने अनंत लावला असता तर तो दारभर फुलला असता आणि कोणी थांबून विचारलं नसतं. झाडाने जगण्यासाठी धडपड करावी ही त्याची गरज आहे. सुखाने वाढणाऱ्या झाडावर सांगण्यासारखं काय उरतं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशी माणसं दुर्मीळ झाडं टिकवतात. तसं असतं तर त्याच्या अंगणात सोनघंटा दिसली असती. तीही झुडूपच आहे, पाकळ्यांवर लाल शिरा असलेल्या घंटेसारखी फुलं येतात, आणि ती महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच मोजक्या ठिकाणी रानात उरली आहे. तिच्या शास्त्रीय नावात रानडे हे मराठी आडनाव आहे, पण बहुधा तेच तिला नडतं. रानड्यांचं नाव सांगून पाहुणा चकित होत नाही. शिवाय टिकवणाऱ्याचं पहिलं लक्षण म्हणजे वाटणं. ब्रुनफेल्सियाचं कलम बरंच चिकाटीचं काम आहे, हे खरं. पण आमच्या गृहस्थाकडे कलम मागितलं की त्या अडचणीला शास्त्र फुटतं. आत्ता मोसम नाही, आत्ता कळ्या आहेत, आत्ता छाटणी चालत नाही. वर्षाचे बाराही महिने अशा रीतीने भरतात. आणि समजा मागच्या ओळीतल्या भाऊंनी नागपूरच्या नर्सरीतून तेच झाड आणलंच, तर हा जाऊन पाहतो, मान हलवतो आणि हळूच म्हणतो, “छान आहे. हायब्रीड दिसतं.”

तरी याच्यावर रागावता येत नाही, कारण त्याच्या डोक्यावर निवृत्तीच्या तारखेची टांगती तलवार आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून निर्माणी कंपनीच्या कारभारात गेली, दारावरच्या पाट्या बदलल्या, कुंडीवरची पाटी तीच राहिली. पण निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत क्वार्टर सोडावं लागतं हा नियम कोणाला चुकलेला नाही. शहाणा झाडवाला म्हणून कायम कुंडीतच लावतो आणि टेम्पोत कपाटाआधी कुंडी चढवतो. पण एखाद्याचा धीर सुटतो आणि मुळं मोकळी व्हावीत म्हणून झाड जमिनीत जातं. मग टेम्पो निघतो, झाड राहतं, पाटी गंजते. नव्या बिऱ्हाडातल्या काकू सकाळी परडी घेऊन खुशाल फुलं तोडतात, जांभळी देवीला आणि पांढरी महादेवाला वाहतात, आणि शेजारणीला सांगतात की आधीच्या लोकांनी इथे दोन झाडं अगदी चिकटून लावली आहेत, एक उपटून टाकावं म्हणते.