फुकटचं आणि फुकटचंच

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. म्हटलं, आता बऱ्हाणपूरकडच्या आमच्या खकनारच्या झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानांत लिनक्सची गुढी उभी राहणार! सरकारी सी-डॅकनं 'बॉस' नावाचं लिनक्स २००७मध्येच काढून ठेवलंय. फुकट, वर मराठीही येतं.

दुकानदाराचा एकच सवाल: "भाऊ, कृतिदेव चालेल का?" चालतो हो, साधा फॉन्टच तो! पण तोवर दुसरा सवाल तयार: "अन् प्रिंटर?" फुकट मिळण्याचं कौतुक त्याला काय सांगणार? चोरीची विंडोजही त्याला फुकटच पडली होती.

तेवढ्यात बाकावरच्या शेतकऱ्यानं खिशातून अँड्रॉइड काढून बऱ्हाणपूरचा केळीभाव पाहिला. त्या फोनच्या आत लिनक्सचाच गाभा. मी सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. उगाच फोन विकायला काढायचा.