लिलावातला जिना

स्वकष्टाने घर बांधणारा मनुष्य निदान रात्री निवांत झोपतो. परंतु दुसऱ्याने कर न भरल्यामुळे जप्त झालेली मिळकत लिलावात स्वस्तात पदरात पडेल, या आशेने ज्याला एकदा ग्रासले, त्याच्या निद्रेचा कायमचा निकाल लागतो. भेलमधून निवृत्त होऊन भोपाळातच स्थायिक झालेले आमचे एक स्नेही रोज सकाळी भिंग घेऊन वर्तमानपत्रातले जाहीरनामे वाचतात. मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 अन्वये आधी मागणीचे बिल, मग नोटीस, मग वॉरंट, आणि अखेरीस जप्ती व विक्री, हा क्रम त्यांना विष्णुसहस्रनामासारखा मुखोद्गत आहे.

साध्या सदनिकांकडे ते ढुंकून पाहत नाहीत. चमत्कारिक मिळकतींचाच त्यांना सोस. चौकामागच्या एका गल्लीत, दोन हवेल्यांच्या बेचक्यात, दीड हात रुंदीची जागा निघाली असल्याची वार्ता लागताच ते मला घेऊन निघाले. जागेत एक दगडी जिना होता. शेजारच्या पटियावर, म्हणजे घराबाहेरच्या दगडी बैठकीवर, पान चघळत बसलेल्या वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “को खाँ, जीना तो है, ऊपर कुछ नहीं।”

घरी वहिनींनी एवढेच विचारले, “अहो, रोज चढून उतरणार का तुम्ही?”

या वेडाला परदेशातही परंपरा आहे, हे सांगून मी त्यांना धीर दिला. गॉर्डन मॅटा-क्लार्क नावाच्या कलावंताने 1973 च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या लिलावांत जमिनीच्या 15 चिंचोळ्या पट्ट्या घेतल्या. किंमत प्रत्येकी 25 ते 75 डॉलर. त्यांतल्या काही तर इमारतींच्या मधोमध अशा अडकलेल्या की मालकालाही तेथे पाऊल टाकता येईना. 1978 साली त्याचा अंत झाला, कर थकला, आणि पट्ट्या पुन्हा शहराकडे गेल्या. ही अखेरची हकीकत ऐकून स्नेह्यांचे डोळे चमकले: “म्हणजे त्या परत लिलावात आल्या असतील!”

माझे मत स्पष्ट आहे: अशा लिलावात भिंती स्वस्त मिळतात, कारण त्यांच्यासोबत भाऊबंदकी, वहिवाटीचे तंटे आणि न हलणारे भाडेकरू फुकट येतात. तरीही कोणाला बोली बोलायचीच असेल, तर त्याने आधी त्या जागेलगतच्या पटियावर एक संध्याकाळ बसावे. दावेदारांची नावे कचेरीतल्या दफ्तराआधी तेथे कळतात, आणि खर्च काय तो सर्वांच्या चहाचा.