एकतीस कलमी काका

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांबरोबर सिनेमा बघणं म्हणजे मंडळातली हाउजी. पडद्यावर म्हातारे वडील गावाला निघाले की अंधारातून काकांचा आवाज येतो, "एक!" आईनं पोरीला ‘तिकडे जाऊ नकोस’ म्हणून बजावलं, "दोन!" पोरगी अर्थातच जाते. "तीन!" पुढच्या रांगेतला माणूस वळून बघतो. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "बस ना गा भैया, आता खलनायक येतोच आहे." आणि येतो मेला, खरंच येतो.

हे आकडे व्लादिमीर प्रॉप नावाच्या रशियन पंडिताचे. त्यानं शंभर रशियन परीकथा उलगडून पाहिल्या आणि 1928 साली पुस्तक लिहून सांगितलं, की गोष्टी कितीही वेगळ्या दिसल्या तरी त्यांतल्या घटना एकतीसच, ठरलेल्या क्रमानं येणाऱ्या. पात्रांची कामं सात. काकांची उमेद गेली वीज मंडळाच्या हिशेबखात्यात. जगातल्या खर्चाप्रमाणे जगातल्या गोष्टींचीही खाती पाडता येतात, हे निवृत्तीनंतर त्यांना कळलं आणि त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. काकू म्हणतात, "एकतीस तारखेला रिटायर झाले, तेव्हापासून एकतीसच चालू आहे."

काका आमच्याशी मराठीत बोलतात, हिंदीत रागावतात आणि माया आली की छत्तीसगढीत शिरतात. सिद्धांत मात्र तिन्ही भाषांत. ‘शोले’ हा त्यांचा हातखंडा. ठाकूर म्हणजे कामगिरीवर पाठवणारा, जय-वीरू नायक, गब्बर खलनायक. इथपर्यंत कुणीही सांगेल. "आणि मौसी कोण?" असं विचारून काका चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. मग उत्तर येतं, "राजकन्येचा बाप!" आपण हसतो, पण घरी येताना पटलेलं असतं. मुलगी कुणाला द्यायची हे ठरवणारी तीच, वराची परीक्षा घेणारी तीच. ठाकूरच्या शालीवर तर ते अर्धा तास बोलतात. हात नाहीत हे आधी दाखवलं नाही, कोडं लपवून ठेवलं, यालाच रोलाँ बार्थ म्हणून एक फ्रेंच... इथे बहुतेक मंडळी उठतात.

मालिकांसाठी त्यांनी भरतमुनी राखून ठेवले आहेत. नाट्यशास्त्रात पाच संधी: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. बीज पेरायचं, ते वाढवायचं, हरवायचं, शोधायचं आणि शेवटी फळ हातात द्यायचं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. काकांचं निदान एका वाक्याचं: "गर्भसंधीतच अडकली गं, सुटकाच नाही." काकूंनी ती मालिका भक्तिभावानं पाहिली होती. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

पण काकांचा खरा जीव जाहिरातींत. सिनेमाला तीन तास लागतात ते काम ही माणसं तीस सेकंदांत उरकतात, म्हणून त्यांना भारी आदर. परवा संध्याकाळी मी बसलो होतो. टीव्हीवर शाळेचा पांढरा शर्ट चिखलात लोळला. काकांनी बशीतला चहा तसाच हातात धरला. "बघ. डाग हा खलनायक. शेजारीण नाक मुरडते, म्हणजे उणीव जाहीर झाली, नऊ. आता चौदा, जादूची वस्तू." खोका प्रकटला. "सोळा, युद्ध." बादलीत फेस झाला. "अठरा, विजय! नवरा हसला, शेवट गोड."

मी म्हटलं, "काका, प्रॉपनं हे फक्त परीकथांपुरतं सांगितलं होतं ना?"

"मग ही जाहिरात दुसरं काय आहे? पावडर टाकल्याबरोबर डाग गायब होतो, यावर तुझा विश्वास आहे?"

स्वयंपाकघरातून काकू आल्या. "अहो, ती जादूची वस्तू घरात परवाच संपली आहे. अकरा!"

अकरा म्हणजे नायक घर सोडतो. काकांनी निमूट पिशवी घेतली आणि चपला शोधू लागले.

माझं म्हणाल तर, आकडे ऐकून मी कितीदा तरी वैतागलो आहे. शेवट आधीच सांगणाऱ्या माणसाला टॉकीजमध्ये प्रवेश देऊ नये, या मताचा मी आहे. पण काकांची एक गोष्ट मला फार आवडते. हिशेब जुळला की ते खूश होतात, आणि जुळला नाही की त्याहून जास्त. ‘सैराट’मध्ये लग्न झालं तेव्हा "एकतीस, संपलं" म्हणून ते उठायला निघाले होते. पुढे जे झालं, त्यानंतर आठवडाभर ते भेटेल त्याला ‘सैराट’च सांगत होते.

आणि ‘चरणदास चोर’ हे नाटक! ते बसवणारे हबीब तन्वीर 1923 साली याच रायपूरचे जन्मलेले, हा अभिमान काका घरचा असल्यासारखा मिरवतात. चोर गुरूपुढे गमतीगमतीत पण करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. वर गुरू बजावतो, खोटं बोलू नकोस. पुढे हे सगळं एकेक करून खरोखरच समोर येतं. रशियन हिशेबात दोन नंबरला मनाई, तीन नंबरला ती मोडायची. आमचा चोर मोडतच नाही. राणी लग्नाचं विचारते, तो नाही म्हणतो. निदान कुणाला सांगू नको म्हणते, तेही नाही. आणि मारला जातो. श्याम बेनेगलांच्या याच नावाच्या 1975 च्या सिनेमात ती राणी स्मिता पाटील आहे. "एकतिसावं कलम चालून दाराशी आलं होतं," काका टेबलावर हात आपटून सांगतात, "आणि यानं परत पाठवलं! प्रॉपला म्हणावं, ये रायपूरला."

कुठे ‘चरणदास चोर’चा प्रयोग लागला, तर चुकवू नका. फक्त काकांना गाठण्याआधी बघून घ्या.